जुना बेस ॲम्प घेताना, विकताना, बदलून घेताना

वापरलेले बेस ॲम्प आणि स्पीकर कॅबिनेट यांच्याविषयी बरीच पत्रे साठली होती. त्यांतली पुष्कळांच्या उपयोगी पडतील अशी सात पत्रे निवडून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत. त्यांत हेड म्हणजे बेस गिटारचा आवाज वाढवणारा, स्पीकर नसलेला सुटा ॲम्प, कॅबिनेट म्हणजे स्पीकर बसवलेले खोके, आणि ओहम म्हणजे विद्युत रोधाचे एकक.

प्रश्न : मी दोन वर्षे बेस शिकत आहे. चारशे वॉटचे ट्रान्झिस्टर हेड आणि दहा इंची चार स्पीकरांचे कॅबिनेट असा वापरलेला जोड मला मिळत आहे. विकणाऱ्याने तपासणीसाठी अर्धा तास देऊ केला आहे. त्या वेळात मी नेमके काय पाहावे?

उत्तर : शक्य असल्यास अर्ध्या तासाऐवजी एक तास मागून घ्या. जुन्या ॲम्पचे बरेच दोष तो तापल्यावरच उघडे पडतात. थंड असताना स्वच्छ वाजणारे हेड वीस-पंचवीस मिनिटांनी मध्येच गप्प होते, थोडे निवले की पुन्हा सुरू होते, आणि घरी दहा मिनिटेच वाजवणाऱ्या मालकाला याचा पत्ताही नसतो. सुटत आलेले सोल्डर, फिरेनासा झालेला पंखा किंवा धुळीने बुजलेली हवेची जाळी ही त्यामागची नेहमीची कारणे असतात. जाताना स्वतःचा बेस, खात्रीची केबल, विजेरी आणि मल्टिमीटर घेऊन जा. दुसऱ्याच्या बेसवर वाजवून पाहिले, तर ऐकू येणारा आवाज बेसचा किती आणि ॲम्पचा किती, हे सांगता येत नाही.

वीज लावण्याआधी हेडच्या मागच्या बाजूला आणि कॅबिनेटच्या तोंडाशी वास घेऊन पाहा. ट्रान्सफॉर्मर किंवा व्हॉइस कॉइल (स्पीकरमधले तारेचे वेटोळे) जळाल्याचा वास बराच काळ टिकतो. फ्यूज बाहेर काढून त्यावरचा आकडा पॅनेलवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवलेला आढळला, तर पूर्वी फ्यूज वारंवार जात असावा आणि कारण शोधण्याऐवजी कोणीतरी मोठा फ्यूज घालून वेळ मारून नेली असावी, असे समजायला हरकत नाही. प्लगची अर्थिंगची पिन कापलेली दिसली, तर तो ॲम्प नीट दुरुस्त होईपर्यंत त्याला बेस जोडून वाजवू नका, कारण बेसच्या तारांवर आपली बोटे असतात.

त्यानंतर कॅबिनेट हेडपासून सोडवा, त्याला स्पीकर केबल लावा आणि केबलच्या मोकळ्या टोकाला मल्टिमीटर लावून रोध मोजा. मीटर दाखवतो तो आकडा छापील ओहमपेक्षा नेहमीच कमी असतो. ८ ओहमच्या कॅबिनेटला साधारण साडेपाच ते सात आणि ४ ओहमच्या कॅबिनेटला तीन ते साडेतीन असे वाचन मिळाले, तर ते ठीक समजावे. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कुठे तरी तार तुटली आहे किंवा कॉइल जळाली आहे.

आता हेड सुरू करा, पण आवाज शून्यावर ठेवा. या स्थितीतही मोठी गुणगुण ऐकू येत असेल, तर वीजपुरवठ्याचे कपॅसिटर थकले असण्याची शक्यता आहे. मग एकेक नॉब पूर्ण फिरवून पाहा. फिरवतानाच तेवढी खरखर होत असेल, तर ती बहुधा धुळीची असते आणि साफ केल्यावर जाते. हात न लावताही खरखर चालूच राहिली, तर दोष आत आहे. आवाज मधूनमधून क्षीण होत असेल, तर इफेक्ट्स (आवाजाचा पोत बदलणारी उपकरणे) जोडण्यासाठी असलेल्या सेंड आणि रिटर्न या दोन जॅकांमध्ये एक छोटी केबल लावून पाहा. आवाज परतला, तर रिटर्न जॅकमधला संपर्क मळला आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि हे काम किरकोळ आहे. या एका गोष्टीमुळे चांगली हेडे बिघडलेली म्हणून कमी किमतीत गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून विकणाऱ्यानेही ती लक्षात ठेवावी.

शेवटी मध्यम आवाजात खालच्या ई तारेपासून एकेक पडदा वर चढत सावकाश वाजवा. मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्‌झवर वाजते आणि पाच तारांच्या बेसची मोकळी बी तार सुमारे ३१ हर्ट्‌झवर. कॅबिनेटची खरी परीक्षा इथेच होते. एखाद्याच सुराला झणझण होत असेल आणि जाळी किंवा मूठ दाबून धरल्यावर ती थांबत असेल, तर एखादा स्क्रू आवळायचा आहे. मात्र खालच्या सर्वच सुरांना घासल्यासारखा आवाज येत असेल, तर जाळी काढून दोन्ही हातांच्या बोटांनी कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा शंकूसारखा भाग, मध्याभोवती सर्व बाजूंनी सारख्या दाबाने हलकेच आत ढकला. घासण्याचा आवाज आला, तर व्हॉइस कॉइल जागेवरून सरकली आहे किंवा विद्रूप झाली आहे, आणि त्या स्पीकरचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

प्रश्न : माझ्या हेडवर किमान ४ ओहम असे लिहिले आहे. माझ्याकडे ८ ओहमचे एक कॅबिनेट आहे. पंधरा इंची स्पीकरचे ४ ओहमचे दुसरे कॅबिनेट मला वापरलेले मिळत आहे. दोन्ही एकदम जोडता येतील का?

उत्तर : जोडू नयेत. हेडच्या मागचे दोन स्पीकर जॅक जवळजवळ नेहमीच समांतर जोडलेले असतात, आणि ८ व ४ ओहम समांतर आले की एकूण भार सुमारे २.६७ ओहम होतो. तो आपल्या हेडच्या मर्यादेखाली आहे. शिवाय ४ ओहमच्या कॅबिनेटकडे ८ ओहमच्या कॅबिनेटच्या दुप्पट शक्ती जाईल, म्हणजे हेडने सहन केले तरी दोन खोक्यांचा मेळ बसणार नाही. आपल्यासाठी ८ ओहमचेच दुसरे कॅबिनेट योग्य आहे, कारण ८ आणि ८ मिळून नेमके ४ होतात. म्हणूनच वापरलेल्या बाजारात ८ ओहमचे कॅबिनेट विकायला सोपे जाते. ४ ओहमचे कॅबिनेट घेणाऱ्याला पुढे दुसरे जोडायची वाट बहुधा बंद होते, ही गोष्ट घेतानाच किमतीत धरावी.

मात्र पाटीवरचा ओहमचा आकडा आजही खरा आहे का, हे विचारायला हवे. पाटी कारखान्यात लागते आणि स्पीकर त्यानंतर बदलले गेलेले असू शकतात. चार स्पीकरांच्या कॅबिनेटमध्ये ८ ओहमचे दोन-दोन स्पीकर एकापुढे एक जोडून त्या दोन जोड्या समांतर लावल्या, तर एकूण ८ ओहम मिळतात. तेच ८ ओहम ३२ ओहमचे चार स्पीकर समांतर लावूनही मिळतात. बाहेरून दोन्ही कॅबिनेटे सारखीच दिसतात.

बेस ॲम्पसाठी नावाजलेल्या ॲम्पेग कंपनीच्या प्रसिद्ध आठ स्पीकरांच्या कॅबिनेटमध्ये ३२ ओहमचे आठ स्पीकर समांतर असतात, म्हणून त्याचा भार ४ ओहम भरतो. अशा कॅबिनेटातला एक स्पीकर गेल्यावर कोणी सहज मिळाला म्हणून ८ ओहमचा बसवला, तर एकूण भार सुमारे २.९ ओहमवर उतरतो आणि त्या एकट्या नव्या स्पीकरवर बाकीच्या प्रत्येकाच्या चौपट शक्ती पडते. तो स्पीकरही जातो आणि कधीकधी हेडलाही सोबत नेतो. उलट बाजूने पाहिले, तर या कॅबिनेटातला एक स्पीकर पूर्ण मेलेला असला तरी भार ४ वरून जेमतेम ४.६ ओहमपर्यंत चढतो. मीटरवर हा फरक सहज नजरेतून सुटतो. म्हणून आठ स्पीकरांच्या खोक्यासमोर गुडघे टेकून प्रत्येक कोनाजवळ कान नेणे, आणि हलक्या आवाजात वाजत असताना प्रत्येकाला बोट लावून कंप पाहणे, याला पर्याय नाही.

आणखी एक सांगतो. हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये बेसची साधी केबल कधीही लावू नका. तिच्यातली मधली तार बारीक असते आणि एवढा विद्युतप्रवाह वाहून नेण्यासाठी ती बनवलेली नसते.

प्रश्न : १९७० च्या दशकातले ॲम्पेग एसव्हीटी हेड विकायला आहे. मालक म्हणतात की सर्व काही मूळचे असून ते आजपर्यंत कधी उघडलेलेही नाही. अशा हेडला जास्त किंमत द्यावी का?

उत्तर : कधी उघडलेले नाही, हे ट्यूबच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या, हेडाच्या बाबतीत गुणवर्णन नव्हे. एसव्हीटी १९६९ मध्ये आले. ३०० वॉट शक्ती, चौदा ट्यूब आणि एकट्याने उचलायला नको वाटावे असे वजन, अशी त्याची घडण आहे. पन्नास वर्षे कोणी आत पाहिलेच नसेल, तर वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अजून तेच आहेत, आणि हा भाग न वापरताही वाळून निकामी होतो. असे हेड बरेच दिवस पडून असेल, तर थेट वीज लावून वाजवून पाहण्याचा आग्रह धरू नका. जाणत्या तंत्रज्ञाकडून व्होल्टेज हळूहळू चढवत ते जागे करून घ्यावे. स्वतः तर ते उघडूच नका. या हेडाच्या आत सुमारे ७०० व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

किंमत ठरवताना मी तीन गोष्टी पाहीन. पहिली गोष्ट म्हणजे वीजपुरवठ्याचा आणि आउटपुटचा असे दोन्ही ट्रान्सफॉर्मर मूळचे आणि शाबूत आहेत का, कारण ट्यूब आणि कपॅसिटर हे झिजणारे भाग आहेत, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला तर त्या हेडाचा आवाज आणि मोल दोन्ही बदलते. दुसरी, सहा पॉवर ट्यूब कोणत्या जातीच्या आहेत. सुरुवातीच्या हेडांत ६१४६बी होत्या आणि पुढे ६५५० आल्या. ६५५० आजही बनतात. ६१४६बी मिळवणे अवघड असते, म्हणून जुन्या हेडांचे ६५५० वर रूपांतर केलेले पुष्कळदा आढळते. नीट केलेले असे रूपांतर मी दोष मानत नाही, पण ते सांगितलेले असले पाहिजे. तिसरी गोष्ट दुरुस्तीच्या कागदांची आहे. सहा जुळवलेल्या पॉवर ट्यूब, बायस (ट्यूबमधून वाहणाऱ्या प्रवाहाची जुळणी) आणि कपॅसिटर या सर्वांचा खर्च किती येईल, हे सौदा ठरण्यापूर्वी तंत्रज्ञाला विचारा आणि तो आकडा मालकासमोर ठेवून बोला. गेल्या काही वर्षांत हे काम झाल्याची पावती असलेले हेड मूळ अवस्थेत पडून राहिलेल्या हेडापेक्षा वाजवणाऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. संग्राहकाचे मत वेगळे असू शकते, पण आपण वाजवण्यासाठी घेत आहात.

नेमके कोणत्या काळातले हेड आहे हेही पाहून घ्या. ॲम्पेग हे नाव १९८६ मध्ये सेंट लुई म्युझिककडे, २००५ मध्ये लाउड टेक्नॉलॉजीजकडे आणि २०१८ मध्ये यामाहाकडे गेले, त्यामुळे समोर तीच अक्षरे दिसली तरी आतली बनावट आणि मिळणारे सुटे भाग वेगळे असतात. जुन्या स्पीकरांचा काळ त्यांच्या चौकटीवरच्या आकड्यांवरून कळतो. सुरुवातीचे आकडे निर्मात्याचे असतात, जसे २२० म्हणजे जेन्सन, १३७ म्हणजे सीटीएस, ६७ म्हणजे एमिनन्स, आणि पुढचे आकडे वर्ष व आठवडा सांगतात. ६७-७३१८ असे छापलेले असेल, तर तो स्पीकर एमिनन्सने १९७३ च्या अठराव्या आठवड्यात बनवला. काही ठिकाणी वर्षाचा शेवटचा एकच आकडा देतात, तेव्हा दशक आपल्याला इतर खुणांवरून ठरवावे लागते.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्यूबचे हेड कॅबिनेट जोडल्याशिवाय कधीही वाजवू नये. ट्रान्झिस्टरच्या हेडाला भार नसला तर सहसा काही होत नाही. ट्यूबच्या हेडाचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र अशाने जाऊ शकतो.

प्रश्न : ३०० वॉटचे जुने वजनदार हेड घ्यावे, की ८०० वॉटचे क्लास डी पद्धतीचे (ट्रान्झिस्टरांची वेगाने उघडझाप करून चालणारे) हलके हेड घ्यावे? दोन्हींची किंमत सारखीच सांगितली आहे.

उत्तर : आवाजाचा विचार केला, तर वॉट दुप्पट झाल्याने फक्त ३ डेसिबलची वाढ होते, म्हणजे ३०० आणि ८०० यांतला फरक कानाला चार डेसिबलच्या आसपासच राहतो. त्यापेक्षा दुसरे समान कॅबिनेट जोडल्याने बेसच्या खालच्या सुरांना अधिक बळ मिळते. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र दोघांत मोठा फरक आहे. जुन्या हेडात सुटे भाग सोल्डर केलेले असतात आणि बहुतेक दुरुस्त होतात. क्लास डी हेडात वीजपुरवठा आणि पॉवर विभाग बहुधा तयार मोड्यूलच्या रूपात येतो, आणि तो बिघडला की सबंध बदलावा लागतो. कंपनीने ते मॉडेल बंद केले असेल आणि मोड्यूल मिळत नसेल, तर तेच हेड एका दिवसात निरुपयोगी होते. म्हणून हलके हेड घेताना ते अजून बनते का आणि त्याचे मोड्यूल मिळते का, एवढे निर्मात्याला विचारून घ्या. आपली पाठ दुखरी असेल किंवा जिने चढावे लागत असतील, तर हलके हेड घेण्यात काहीच कमीपणा नाही. दोन-तीन किलोचे हेड आपण प्रत्येक तालमीला न्याल, आणि वीस किलोचे हळूहळू घरीच राहील.

प्रश्न : माझे चार स्पीकरांचे कॅबिनेट देऊन त्याबदली दोन स्पीकरांची दोन लहान कॅबिनेटे घ्यायचा विचार आहे. समोरचा वादक वर काही रोख रक्कम मागतो. अदलाबदलीत हिशेब कसा धरावा?

उत्तर : अदलाबदल म्हणजे एकाच दिवशी केलेली दोन स्वतंत्र खरेदी-विक्री असे समजा. आधी आपल्या वस्तूची रोखीतली किंमत आणि नंतर त्यांच्या वस्तूची रोखीतली किंमत, दोघांनी वेगवेगळी ठरवावी. मागितलेला आकडा धरू नये, त्या जातीची वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली तो आकडा धरावा. दोन्हींतला फरक तेवढाच रोख. असे न करता थेट वस्तूला वस्तू लावली, की ज्याला घाई आहे तो नकळत अधिक देतो. आपण बसवलेले महागडे स्पीकर किंवा बदललेली जाळी यांचा पूर्ण खर्च समोरच्याकडून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती आवड आपली होती. मूळचे स्पीकर जपून ठेवले असतील, तर ते सोबत द्या, त्याने किंमत खरोखर वाढते.

आपल्या प्रश्नात एक जमेची बाजू आहे. दोन लहान कॅबिनेटे प्रत्येकी ८ ओहमची असतील, तर छोट्या जागी एकच नेता येईल आणि मोठ्या जागी दोन्ही नेता येतील. या सोयीसाठी थोडी रोख रक्कम द्यावी लागली, तर ती मी देईन. मात्र दोन्ही एकाच जातीची असावीत. तपासणी दोघांनी एकाच ठिकाणी आणि एकाच बैठकीत करावी, अनुक्रमांक, तारीख आणि दोन्ही वस्तूंची अवस्था एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. अनुक्रमांक खरवडलेला असेल किंवा समोरच्याला ती वस्तू कोणाकडून घेतली हे सांगता येत नसेल, तर सौदा सोडून द्या. चोरीची वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी ती आपली होत नाही.

प्रश्न : माझ्या कॅबिनेटातला एक स्पीकर बदललेला आहे. आवाजात फरक कळत नाही. विकताना हे सांगणे आवश्यक आहे का?

उत्तर : होय, आणि विचारण्यापूर्वीच सांगावे. काही वर्षांपूर्वी सर्व स्पीकर मूळचे आहेत असे सांगून मला एक कॅबिनेट विकले गेले. घरी ते चांगले वाजले, पण पहिल्याच कार्यक्रमात ड्रमच्या शेजारी खालचे सूर नाहीसे झाले आणि मी आवाज वाढवतच राहिलो. दुसऱ्या दिवशी उघडले तेव्हा चारांपैकी एक स्पीकर वेगळ्या जातीचा होता आणि त्याच्या तारा उलट्या जोडलेल्या होत्या. तीन कोन पुढे जात तेव्हा चौथा मागे येत असे, म्हणजे तो बाकीच्यांचे काम खोडून काढत होता. विकणाऱ्याने नुसते सांगितले असते, तरी मी ते कॅबिनेट घेतले असते आणि तारा पाच मिनिटांत सरळ केल्या असत्या. मला राग त्या न सांगण्याचा आला.

आपणही एकदा पाहून घ्या. हेड सोडवून ९ व्होल्टची बॅटरी कॅबिनेटच्या केबलला क्षणभर टेकवा. सर्व कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. बॅटरी टेकवून धरू नका. मग जाहिरातीत स्पीकर कोणता, किती ओहमचा आणि केव्हा बसवला ते लिहा, आणि त्या स्पीकरच्या पाठीमागचे छायाचित्र द्या. समोरच्या, मागच्या आणि जॅकच्या पॅनेलच्या छायाचित्रांइतकेच कोपऱ्यांच्या आणि ओलीच्या डागांच्या छायाचित्रांचे महत्त्व आहे. खोक्याचे वजन लिहायला विसरू नका. घेणारा ते हमखास विचारतो, आणि लिहिले नसेल तर पुष्कळजण पत्र न पाठवताच पुढे जातात.

प्रश्न : दुसऱ्या देशातून १२० व्होल्टचे ट्यूबचे हेड मागवावे म्हणतो. आमच्याकडे २३० व्होल्ट आहेत. काय काळजी घ्यावी?

उत्तर : मागच्या पॅनेलवर व्होल्टेज बदलायचा स्विच आहे का, किंवा आतल्या ट्रान्सफॉर्मरला २३० ची जोडणी आहे का, हे त्या नेमक्या हेडाच्या छायाचित्रावरून पाहा. एकाच मॉडेलची हेडे वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरनिशी निघतात. तशी सोय नसेल, तर बाहेरून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. तो हेडाच्या खपाच्या दीडपट तरी क्षमतेचा घ्या आणि त्याचे वजन प्रवासखर्चात धरा. १२० चे हेड २३० वर चुकून एकदा लावले, तरी नुकसान होते.

पाठवणाऱ्याला बांधणीबद्दल सविस्तर लिहा. ट्यूब काढून, कोणती कोणत्या जागेवरची याची चिठ्ठी लावून, वेगळ्या डब्यात पाठवाव्यात. जड ट्रान्सफॉर्मरमुळे हेड आपटले की चॅसिसचे पत्रे वाकतात आणि स्क्रू उपटतात, म्हणून ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट आवळून हेड एका खोक्यात आणि ते खोके चारही बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर कठीण फोम भरून दुसऱ्या मोठ्या खोक्यात बांधावे. चुरगळलेले कागद एवढे वजन पेलत नाहीत. हेड हाती आल्यावर ट्यूब जागेवर बसवण्यापूर्वी आत काही सुटून खडखडत नाही ना, हे हलकेच हलवून पाहा. त्यानंतर कॅबिनेट जोडा, आणि मगच वीज लावा.